नांदखोलची बुरशी

सरकारी कागदांवर त्या यंत्राचं नाव 'वायुबीजाणू अभिज्ञान स्तंभ' असं होतं. ज्या कुणाला हे नाव सुचलं, त्याला स्वतःला ते एका दमात कधी म्हणता आलं नसावं. किनाऱ्यावरच्या लोकांनी एका आठवड्यात त्याचं 'नाक' करून टाकलं. डॉ. हेमलता भाटकर यांना लोकांचे फारसे निर्णय पटत नसत. हा पटला.

२०३४ साली दक्षिणेकडच्या जायफळाच्या बागा एका बुरशीनं दोन हंगामांत साफ केल्या, त्यानंतर ही नाकं उभी राहू लागली. दोन पुरुष उंचीचा पांढरा खांब आणि वर जाळीचं डोकं. खांब दिवसरात्र हवा ओढतो. हवेत धूळ असते, पराग असतात, आणि डोळ्यांना न दिसणारे बुरश्यांचे बीजाणू असतात, घनमीटरमागे हजारांनी. खांबाच्या पोटात ते फोडले जातात, त्यांच्या जनुकांची अक्षरं वाचली जातात, ती एका प्रचंड यादीशी ताडली जातात आणि वीस मिनिटांत उत्तर बाहेर पडतं. उत्तर म्हणजे नाव नव्हे, क्रमांक. क्रमांकापुढे रंग. हिरवा म्हणजे निरुपद्रवी, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे झाड मारणारी. लाल आला की वनस्पतिसुरक्षा प्राधिकरणाचा हुकूम आपोआप सुटतो आणि बाग तोडली जाते. त्यावर माणसाची सही लागत नाही, कारण दक्षिणेत सह्यांची वाट बघण्यातच बागा गेल्या होत्या.

हेमलताबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या. संशोधन केंद्रातला कवकसंग्रह त्यांच्या ताब्यात होता. बत्तीस लोखंडी कपाटं, त्यांत रोगट पानांची आणि वाळक्या काटक्यांची अठरा हजार पाकिटं. निवृत्तीनंतरही त्यांना खुर्चीवरून कुणी उठवलं नाही, कारण सूक्ष्मदर्शकातून बघून बुरशीचं नाव सांगणारं दुसरं माणूस राज्यात उरलं नव्हतं. एकतीस नव्या जाती त्यांनी शोधल्या होत्या. ही गोष्ट त्या कुणालाही विसरू देत नसत.

नाकाबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. वास घेऊन ओळखायला कुत्रंही पुरतं, त्याला पगार द्यावा लागत नाही, असं त्या उद्‌घाटनाच्या मांडवातच बोलल्या होत्या. पुढच्या रांगेत बसलेले प्राधिकरणाचे संचालक डॉ. आशुतोष निगवेकर हसले होते. ते बाईंचेच विद्यार्थी. बाईंच्या लेखी विद्यार्थी दोनच प्रकारचे होते. विषय सोडून गेले ते मूर्ख, आणि टिकले ते दुसरीकडे नोकरी न मिळाल्यामुळे. निगवेकर तिसऱ्या प्रकारात मोडत. विषय सोडूनही ते विषयाचे मालक झाले होते.

२०४१च्या डिसेंबरात दत्ताराम मयेकर नोटीस घेऊन संग्रहालयात आले.

मयेकर बहात्तर वर्षांचे. बाई संशोधन करत होत्या तेव्हा ते याच केंद्रात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावर नांदखोलला, खाडीकाठच्या वडिलोपार्जित आगरात, नारळ-पोफळीच्या सावलीत त्यांनी एकशे चाळीस जायफळं लावली आणि हातानं वाढवली. नोटीशीत लिहिलं होतं की नांदखोलच्या स्तंभाला त्यांच्या बागेच्या दिशेनं 'बु-४४१७' सापडली असून सर्व जायफळं दहा दिवसांत मुळापासून तोडून जागेवर जाळण्यात येतील.

"झाडांना काही झालंय का?" बाईंनी विचारलं.

मयेकर म्हणाले की काही नाही, फळं धरलीत, पान तेवढं आणलंय. पिशवीतून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली डहाळी काढली. पानं गडद हिरवी, तजेलदार होती.

बाईंनी पानांचे तुकडे केले, वरचे जंतू धुऊन काढले आणि ओलसर काचेच्या बशीत ठेवले. सहाव्या दिवशी तुकड्यांवर काळे ठिपके उठले. ठिपका फोडून त्यांनी भिंगाखाली धरला. दोन तऱ्हेचे बीजाणू दिसले, काही भाताच्या दाण्यासारखे, काही आकड्यासारखे वाकलेल्या दोऱ्याचे. त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. ही फोमॉप्सिस. जायफळाच्या जिवंत पानात गुपचूप राहणारी, झाडाला काडीचाही त्रास न देणारी बुरशी. शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी तिची नोंद केलेली होती. निरोगी झाडाच्या प्रत्येक पानात अशा डझनभर बुरश्या भाडेकरूसारख्या राहतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. निदान बाई शिकवत असत.

त्यांनी लगेच निगवेकरांना फोन लावला आणि पाच मिनिटं एकट्याच बोलल्या. तुमच्या डबड्याला घरचा माणूस आणि चोर यांतला फरक कळत नाही, त्याच्या शेऱ्यावर एका म्हाताऱ्याची बाग तोडायला निघालात, आणि तुम्हाला मी शिकवलं होतं हे मला आता लोकांपासून लपवावं लागेल, असं बरंच काही. निगवेकरांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की यंत्र शेरे मारत नाही. ते फक्त जनुकं जुळवतं. एखादी बुरशी झाड मारते की नाही हा शेरा छापून आलेल्या शोधनिबंधांमधून यादीत घेतला जातो.

"मग ज्या गाढवानं तो निबंध लिहिला त्याला धरा," बाई म्हणाल्या.



"निबंध २००४चा आहे, मॅडम," निगवेकर म्हणाले. "तुमचा. बु-४४१७ म्हणजे डायापोर्थी नांदखोलेन्सिस."

बाईंनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्यांनीच पुन्हा लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा निगवेकरांकडे काहीतरी मागितलं. चाचण्या करायला पंचेचाळीस दिवस हवेत. निगवेकरांनी दिले. जुन्या ओळखीखातर देतोय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण बाईंना ते ऐकू आलं.

डायापोर्थी नांदखोलेन्सिस ही बाईंची पहिली जात. तिच्यावर त्यांना पदवी मिळाली, नोकरी मिळाली, सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या दिवाणखान्यात कुटुंबातल्या एकाही माणसाचा फोटो नव्हता. भिंतीवर या बुरशीचं रेखाचित्र होतं, मोठं करून, काचेच्या चौकटीत. लांब मानेच्या काळ्या कुप्या, कुपीत पारदर्शक पिशव्या, प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. नांदखोलच्याच एका बागेत वठत चाललेल्या जायफळाच्या खोडावर ती त्यांना सापडली होती. पानात राहणारी फोमॉप्सिस तिच्यासारखी मुळीच दिसत नाही. म्हणूनच दोन्ही एकच असतील, असं बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खरं तर यायला हवं होतं. बुरश्यांची जात असल्या बाबतीत बदनाम आहे. एकच बुरशी आयुष्यात दोन रूपं घेते. झाड जिवंत असताना ती संगाशिवाय, आपल्या आपण बीजाणू पाडते. ऊती मेली की नर-मादी पेशींचा संयोग होतो आणि ती वेगळ्याच थाटाची फळं धरते. दोन्ही रूपं एकत्र क्वचितच दिसतात, त्यामुळे शास्त्रज्ञांनी शेकडो बुरश्यांना दोन-दोन नावं देऊन ठेवली होती, जणू सुरवंट एका कपाटात आणि फुलपाखरू दुसऱ्यात. २०११ साली जगभरच्या वर्गीकरणकारांनी नियम केला की एका बुरशीला एकच नाव. तेव्हा हेमलताबाईंनी एका परिषदेत या नियमाची यथेच्छ टिंगल केली होती. ज्यांना दोन नावं पाठ होत नाहीत त्यांनी किराणा मालाचं दुकान टाकावं, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि सभागृह हसलं होतं.

आता त्यांनी मयेकरांच्या पानातून एकच बीजाणू उचलला. तो वाढवला आणि ती वाढ उकळून निर्जंतुक केलेल्या जायफळाच्या काटक्यांवर सोडली. त्याच वाढीचे तुकडे त्यांनी दहा रोपांच्या खोडांना चिरा देऊन आत बसवले. आणखी दहा रोपांना नुसत्याच चिरा दिल्या, आत काही घातलं नाही. ही तुलनेची रोपं. रोपं मेली तर ती बुरशीनं मेली की चिरेनं की उन्हानं, हे तुलनेच्या रोपांवरूनच कळतं. ती नसतील तर प्रयोगाला काही अर्थ राहत नाही.

चाळिसाव्या दिवशी वीसच्या वीस रोपं टवटवीत होती. आणि मेलेल्या काटक्यांवर लांब मानेच्या काळ्या कुप्या उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी एक फोडली. पारदर्शक पिशव्या, प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. दिवाणखान्यातलं चित्र भिंगाखाली होतं.

म्हणजे त्यांची जात ही जातच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नोंदवून ठेवलेल्या एका गरीब बुरशीचं ते दुसरं रूप होतं. झाड दुसऱ्याच कशानं तरी मेलं होतं आणि आत राहणाऱ्या भाडेकरूनं मालक गेल्यावर खिडकी उघडून बाहेर तोंड काढलं होतं. बाईंनी त्यालाच खुनी ठरवलं होतं.

त्यांनी निकाल निगवेकरांकडे पाठवला. उत्तर त्याच दिवशी आलं. प्राधिकरणाची भाषा सभ्य होती. दोन प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी आहेत, २००३च्या प्रयोगात टोचलेली पाचही रोपं मेली आणि तुलनेची पाचही निरोगी राहिली, आताच्या प्रयोगात एकही मेलं नाही. अशा वेळी अधिक धोका दाखवणारा निकाल ग्राह्य धरावा असा नियम आहे. जुना निकाल मूळ लेखकाला मागे घेता येईल, मात्र त्यात नेमकं काय चुकलं हे लेखी द्यावं लागेल.

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. जुन्या निकालात काय चुकलं होतं ते त्यांना नक्की माहीत होतं.

२००३च्या दिवाळीत सुट्टीवरचा माळी परत आलाच नाही आणि रोपांच्या शेडचं पाणी सहा दिवस बंद राहिलं. त्या परतल्या तेव्हा टोचलेली पाचही रोपं करपली होती. तुलनेच्या पाचांपैकीही चार करपली होती. प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते आणि नोकरीची मुलाखत जानेवारीत होती. हेमलता नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीनं वहीत लिहिलं: 'तुलनेची रोपं: पाचही निरोगी.' शेडमध्ये तेव्हा दुसरा एकच माणूस होता. तो म्हणाला होता की बाई, ही तर दोन्ही गटांतली सुकलीत, आणि ते खोडावर ठिपके आलेलं झाडसुद्धा बुरशीनं मेलेलं नाही, पाटाचं पाणी मुळाशी तुंबून त्याची मुळं कुजलीत, मी उकरून बघितलंय. तिनं वर न बघता त्याला सांगितलं होतं की मयेकर, तुम्ही काचा धुवा.

मुदत संपायला पाच दिवस होते. बाईंनी ते विचारात घालवले. म्हणजे संग्रहालयात बसून त्या एकेकाच्या नावानं मनात खडे फोडत राहिल्या. निगवेकर गुळगुळीत होते. प्राधिकरण भ्याडांचं होतं. यंत्र तर यंत्रच, ज्यानं जे छापलं ते पोपटासारखं बोलणारं. एरवी अशी यादी केली की त्यांना बरं वाटे. या वेळी प्रत्येक नावाशी येऊन त्या अडत होत्या. निगवेकरांनी त्यांच्या निबंधावर विश्वास ठेवला होता. प्राधिकरणानं ठेवला होता. पोपटही त्यांचंच वाक्य बोलत होता.

पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी सकाळी त्या नांदखोलला गेल्या. आगराच्या वाटेवर असतानाच करवतीचा आवाज ऐकू आला.

प्राधिकरणाची माणसं पांढऱ्या पोशाखांत काम करत होती. खाडीकडच्या बाजूची सगळ्यांत जुनी झाडं आधी घेतली होती. ओल्या लाकडाचा आणि जायपत्रीचा वास सगळीकडे भरला होता, सणाच्या स्वयंपाकघरासारखा. मयेकर पोफळीला टेकून उभे होते. त्यांनी बाईंना बघितलं, पण पुढे आले नाहीत.

बाईंनी त्यांना सांगितलं की बुरशी निरुपद्रवी आहे, हे सिद्ध झालंय. मयेकरांनी विचारलं की मग ही माणसं काय करताहेत. बाईंनी नियम समजावून सांगितला, जुना निकाल, नवा निकाल, मागे घेण्याची अट. बोलता बोलता त्यांना कळलं की आपण फार लांबण लावलंय.

"वही आठवते तुम्हाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काचा आठवतात," मयेकर म्हणाले. "त्या दिवशी चाळीस धुतल्या होत्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मयेकर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाईंना रागाची सवय होती, तो आला असता तर त्या त्याला पुरून उरल्या असत्या. हे दुसरं काहीतरी होतं. ही तुच्छता आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण आजवर त्यांनी ती नेहमी दुसऱ्याला दिली होती, कधी घेतली नव्हती.

"कुणाला सांगायचं होतं?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, लाजेनं तरी तुम्ही एक दिवस दुरुस्त कराल. दहा वर्षं वाट बघितली. मग समजलो, तुम्हाला आठवतसुद्धा नाही. आता कळतंय की आठवत होतं."

पलीकडे एक झाड मोडून पडलं. पोपटांचा थवा उडाला.

बाईंनी तिथेच, पडलेल्या खोडावर बसून, फोनवर लिहायला घेतलं. २००३च्या प्रयोगात तुलनेच्या पाचपैकी चार रोपं मेली होती. सहा दिवस पाणी बंद असल्यानं दोन्ही गटांतली रोपं मेली. निबंधात मी याच्या उलट लिहिलं. ते अनवधानानं झालं नव्हतं. डायापोर्थी नांदखोलेन्सिस हे नाव मी मागे घेत आहे, ती स्वतंत्र जात नाही. मूळ झाड मुळं कुजल्यानं मेलं होतं. हे निरीक्षण त्याच वेळी माझे मदतनीस श्री. दत्ताराम मयेकर यांनी मला सांगितलं होतं.

त्यांनी फोन मयेकरांपुढे धरला. मयेकरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"मदतनीस काढा," ते म्हणाले. "प्रयोगशाळा सहायक. परीक्षा देऊन लागलो होतो."

बाईंनी शब्द बदलला आणि मजकूर पाठवला. यादीतला लाल रंग पुसला जायला यंत्राला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात आणखी तीन झाडं पडली. मग पांढऱ्या पोशाखातल्या म्होरक्याच्या कानातलं यंत्र काहीतरी बोललं, त्यानं हात वर केला आणि करवती थांबल्या. त्रेपन्न जायफळं आडवी झाली होती. त्यातली बहुतेक मयेकरांच्या पत्नी हयात असताना लावलेली होती. हे बाईंना नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पुढचं सगळं वेगानं झालं. सुवर्णपदक परत मागवण्यात आलं. केंद्रानं त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली. वर्तमानपत्रांनी दोन दिवस त्यांना झोडपलं, आणि बुरशीचं नाव प्रत्येकानं वेगळ्या तऱ्हेनं चुकवलं, त्याबद्दल बाईंना नाही म्हटलं तरी थोडं समाधान वाटलं. महिन्याभरानं निगवेकरांचा फोन आला. उरलेल्या तीस जातींवरही आता विश्वास ठेवता येत नव्हता. त्यातल्या अकरांपुढे लाल खूण होती. म्हणजे कोकम, मिरी, फणस, कुठल्याही बागेवर उद्या करवत जाऊ शकत होती, किंवा खरा खुनी निरपराध म्हणून सुटू शकत होता. सगळ्या पुन्हा तपासायला हव्या होत्या, जिवंत झाडांवर, रोपांवर, भिंगाखाली. हे काम यंत्राला येत नाही, ते म्हणाले, आणि येणारं माणूस एकच आहे. दुर्दैवानं ते तुम्ही आहात.

'दुर्दैवानं' हा शब्द त्यांनी जराही जोर न देता वापरला होता. आपण विद्यार्थ्यांशी याच सुरात बोलायचो, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी होकार दिला. अट एवढीच घातली गेली की कामावर एक साक्षीदार असेल, आणि त्याची निवड प्राधिकरण करेल. निगवेकरांनी निवड आधीच केली होती.

मयेकरांनी पहिल्यांदा सरळ नकार दिला. दुसऱ्यांदा निगवेकर स्वतः नांदखोलला गेले, तेव्हा ते तयार झाले. बाईंवर उपकार म्हणून येत नाही, त्यांनी बजावलं. आसपासच्या बागांच्या लोकांना आपल्यासारखं पोफळीला टेकून उभं राहावं लागू नये म्हणून येतोय.

सोमवारी सकाळी आठ वाजता ते संग्रहालयात आले. बाईंनी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी ओढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि बसले. चहा नको म्हणाले. पहिलं पाकीट कोकमाच्या पानांचं होतं. बाईंनी ते उघडलं, नवी नोंदवही समोर घेतली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि सवयीनं खाली आपलं नाव लिहायला लागल्या.

मयेकरांनी टेबलावरून हात पुढे केला.

"वही इकडे द्या," ते म्हणाले. "तुम्ही बघा. लिहीन मी."

बाईंचा हात क्षणभर वहीवर राहिला. त्यांच्या ओठावर एक उत्तर तयार होतं, धारदार, जन्मभराच्या सरावाचं. ते त्यांनी गिळलं, वही टेबलावरून सरकवली, आणि भिंगाला डोळा लावून दिसेल ते मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. मयेकर लिहीत होते. मध्ये एकदा त्यांनी थांबवलं आणि पुन्हा बघायला सांगितलं. बाईंनी पुन्हा बघितलं. पहिल्यांदा त्या चुकल्या होत्या.